मक्का, खोबर, बीड: सौदी अरेबिया आणि सीमा ओलांडणारा दहशतवाद

आंतरराष्ट्रीय दहशतवाद ही संज्ञा वर्तमानपत्रांतून रोज वाचली जात असली, तरी सर्व राष्ट्रांना मान्य असलेली तिची व्याख्या आजही अस्तित्वात नाही. स्थूलमानाने असे म्हणता येते की, राजकीय किंवा धार्मिक हेतू साधण्यासाठी नि:शस्त्र माणसांवर केलेली आणि मेलेल्यांपेक्षा जिवंत राहिलेल्यांच्या मनात धाक बसवण्यासाठी योजलेली हिंसा म्हणजे दहशतवाद. आणि हल्लेखोर, बळी, पैसा, शस्त्रे व आसरा यांपैकी एखादी गोष्ट जरी दुसऱ्या देशातली असली, तरी तो आंतरराष्ट्रीय ठरतो. भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघापुढे या विषयावरील सर्वंकष कराराचा मसुदा मांडला, परंतु परकीय सत्तेविरुद्धचा सशस्त्र लढा दहशतवादात मोडतो की नाही आणि एखाद्या राष्ट्राच्या सैन्याने केलेली कृत्ये त्यात धरायची की नाही, या दोन प्रश्नांवर तो अडून राहिला. अरब राष्ट्रांनी एप्रिल १९९८ मध्ये कैरो येथे स्वतःचा वेगळा करार केला. त्यात परकीय कब्जाविरुद्धच्या लढ्याला दहशतवादातून वगळले, मात्र तो लढा एखाद्या अरब राष्ट्राच्याच भौगोलिक अखंडतेवर उठला तर ही सूट मिळणार नाही, अशी पुस्तीही जोडली. आपल्या दाराशी आला तर दहशतवाद आणि दुसऱ्याच्या अंगणात गेला तर लढा, ही दृष्टी केवळ अरबांचीच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण शीतयुद्धाच्या काळात ती जवळजवळ सर्व मोठ्या राष्ट्रांची होती. परंतु या दृष्टीची किंमत किती आणि ती बदलते कशी, हे सौदी अरेबियाच्या गेल्या साडेचार दशकांच्या इतिहासाइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसते.

या इतिहासाची सुरुवात २० नोव्हेंबर १९७९ रोजी, म्हणजे हिजरी सन १४०० च्या पहिल्या दिवशी, मक्केतील मुख्य मशिदीत झाली. पहाटेची नमाज संपत असताना जुहैमान अल-ओतैबी या सौदी नॅशनल गार्डमधील माजी शिपायाच्या नेतृत्वाखाली काहीशे सशस्त्र लोकांनी मशिदीचे दरवाजे बंद केले आणि मोहम्मद अब्दुल्ला अल-कहतानी हा आपल्यातलाच तरुण ‘महदी’ असल्याचे जाहीर केले. महदी म्हणजे जगाच्या अखेरच्या काळात येऊन न्यायाचे राज्य स्थापणारा त्राता, अशी अनेक मुस्लिमांची श्रद्धा आहे आणि नव्या शतकाचा पहिला दिवस त्या घोषणेसाठी मुद्दाम निवडलेला होता. सौदी राजघराणे भ्रष्ट झाले असून पाश्चात्त्यांच्या आहारी गेले आहे, हा त्यांचा मुख्य आरोप होता. मशिदीच्या पवित्र आवारात शस्त्र उचलणे निषिद्ध असल्याने सरकारला आधी उलेमांकडून, म्हणजे धर्मशास्त्राच्या अधिकारी विद्वानांकडून, बळाच्या वापराला परवानगी देणारा फतवा मिळवावा लागला. फ्रान्सच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन आणि तळघरांतील दालनांमधून अक्षरशः खोलीगणिक लढून सैन्याने दोन आठवड्यांनी मशीद सोडवली. सरकारी आकड्यांनुसार त्यात १२७ सैनिक मृत्युमुखी पडले. जुहैमान व त्याचे साथीदार अशा ६३ जणांचा जानेवारी १९८० मध्ये देशातील आठ शहरांत शिरच्छेद करण्यात आला.

वेढ्याच्या दुसऱ्याच दिवशी, या घटनेमागे अमेरिकेचा हात असल्याच्या अफवेवरून इस्लामाबादेतील जमावाने तेथील अमेरिकी वकिलात जाळली. मक्केत घडलेल्या गोष्टीचे पडसाद दीड दिवसाच्या आत सुमारे साडेतीन हजार किलोमीटर दूर माणसे मारून गेले. उपग्रहवाहिन्या आणि भ्रमणध्वनी यांच्या कितीतरी आधीचा हा प्रकार आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सौदी राज्यकर्त्यांनी मात्र यातून वेगळाच धडा घेतला. बंडखोरांचा शिरच्छेद केल्यावर त्यांच्या मागण्यांपैकी बऱ्याच त्यांनी स्वतःच पुऱ्या केल्या. धर्मरक्षक पोलिसांचे अधिकार वाढले, चित्रपटगृहे बंद झाली, ती पुन्हा उघडण्यास २०१८ साल उजाडावे लागले. फतव्याच्या बदल्यात उलेमांना शिक्षण आणि समाजजीवनावर जे वर्चस्व मिळाले, ते पुढे दोन पिढ्यांना भोवले.

मक्केच्या घटनेनंतर लगेच, डिसेंबर १९७९ मध्ये, सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि देशातील धर्मोत्साहाला बाहेरची वाट सापडली. अफगाण मुजाहिदीनांसाठी अमेरिका जितका पैसा देई तितकाच सौदी सरकारही देत असे आणि पेशावरला जाणाऱ्या तरुणांचे घरोघर कौतुक होई. अशा तरुणांमध्ये १९५७ साली रियाधमध्ये जन्मलेला आणि देशातील सर्वांत मोठ्या बांधकाम कंपनीच्या मालकाचा मुलगा असलेला ओसामा बिन लादेनही होता. युद्ध संपल्यावर ही माणसे परतली, तेव्हा शस्त्र चालवण्याचे, स्फोटके बनवण्याचे आणि सीमा ओलांडून पैसा हलवण्याचे शिक्षण त्यांच्याबरोबर परतले. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दाम हुसेनने कुवेत गिळंकृत केल्यावर सौदी राजाने संरक्षणासाठी अमेरिकी सैन्य बोलावले आणि बिन लादेनसारख्यांच्या दृष्टीने शत्रू आता काबूलमध्ये न राहता रियाधमध्ये आला. सरकारने १९९४ मध्ये त्याचे नागरिकत्व काढून घेतले. परंतु माणूस देशाबाहेर काढल्याने त्याचा विचार देशाबाहेर जात नाही.

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी रियाधमध्ये नॅशनल गार्डच्या प्रशिक्षण केंद्राबाहेर मोटारीत ठेवलेला बॉम्ब फुटला. सात जण ठार झाले. त्यांपैकी पाच अमेरिकी आणि दोन भारतीय होते. या दोन भारतीयांची आठवण भारतातही फारशी ठेवली गेली नाही. पकडलेल्या चार सौदी तरुणांनी दूरचित्रवाणीवर कबुलीजबाब दिले आणि मे १९९६ अखेर त्यांचा शिरच्छेद झाला; मात्र अमेरिकी तपास अधिकाऱ्यांना त्यांच्याशी बोलण्याची संधी त्याआधी मिळाली नाही. शिक्षा झाली, पण त्यांच्या मागे कोण होते हे सांगू शकणारी तोंडे कायमची मिटली. महिनाभरातच, २५ जून १९९६ रोजी, खोबर येथील निवासी मनोऱ्यावरच्या स्फोटात अमेरिकी हवाई दलाचे १९ जण ठार झाले. त्या हल्ल्याचा ठपका अमेरिकेने वेगळ्याच, इराणशी संबंध असलेल्या गटावर ठेवला, हे खरे. तरी तपासात एकमेकांना किती सांगायचे, याविषयीचा दोन सरकारांमधला अविश्वास तोच होता.

त्यानंतरची काही वर्षे नाकबुलीची होती. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर हल्ला करणाऱ्या १९ अपहरणकर्त्यांपैकी १५ सौदी नागरिक होते, ही गोष्ट मान्य करायलाच सौदी अधिकाऱ्यांना काही महिने लागले. त्याच सुमारास रियाधमध्ये पाश्चात्त्यांच्या मोटारींखाली छोटे बॉम्ब फुटत होते आणि पोलिसांनी त्याचे खापर दारूच्या चोरट्या धंद्यावरून आपसांत भांडणाऱ्या पाश्चात्त्यांवरच फोडले. पकडलेल्यांकडून कबुलीजबाब घेतले गेले, काहींना मृत्युदंड सुनावला गेला आणि अखेर ऑगस्ट २००३ मध्ये त्यांना सोडून देण्यात आले, कारण तोवर ती कथा टिकण्याजोगी उरली नव्हती.

ती कथा मोडणारी तारीख होती १२ मे २००३. त्या रात्री रियाधमधील परदेशी लोकांच्या तीन निवासी वसाहतींवर एकाच वेळी आत्मघाती हल्ले झाले आणि तीसहून अधिक माणसे मेली. नोव्हेंबरात आणखी एका वसाहतीवर हल्ला झाला, तेव्हा मेलेले बहुतेक अरब होते. त्यांत मुले होती, महिना रमजानचा होता. परक्यांना हुसकावण्यासाठी चाललेला लढा म्हणून या प्रकाराकडे सहानुभूतीने पाहणारे अनेक सौदी त्या दिवशी हादरले. ‘अरबी द्वीपकल्पातील अल-कायदा’ हे नाव धारण करणाऱ्या या गटाच्या मुळाशी ‘तकफीर’ ही कल्पना होती. तकफीर म्हणजे स्वतःला मुसलमान म्हणवणाऱ्या माणसाला धर्मबाह्य ठरवणे. एकदा राजा धर्मबाह्य ठरला की त्याचा पोलीस, त्याचा कारकून, त्याच्या राज्यात मुकाट्याने राहणारा शेजारी, कोणीही वध्य ठरू शकतो. १९७९ मध्ये मशिदीच्या आवारात राज्यकर्त्यांना धर्माच्या नावाने नाकारणारी अशीच कल्पना उभी होती आणि तिच्याशी वाद घालण्याऐवजी तिची अर्धी भाषा सरकारने उचलली होती, याचा विसर पडू देता कामा नये.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या काळातील सर्वांत महत्त्वाची घटना २९ मे २००४ ची आहे. त्या सकाळी चार हल्लेखोर तेलउद्योगाचे केंद्र असलेल्या खोबर शहरात तेलकंपन्यांच्या कार्यालयांवर आणि नंतर ‘ओअॅसिस’ या वसाहतीवर चालून गेले व सुमारे पंचवीस तास त्यांनी माणसे ओलीस धरली. समोर येईल त्याला धर्म विचारून मुसलमानांना बाजूला काढायचे आणि इतरांना मारायचे, अशी त्यांची रीत होती. २२ मृतांमध्ये सर्वांत मोठा गट भारतीयांचा होता: आठ. तिघे हल्लेखोर वेढ्यातून निसटले. या हल्ल्यानंतर बाजार उघडला तेव्हा कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे ४२ डॉलरच्या वर गेला, जो त्या वेळी विक्रमी होता. रत्नागिरी, रायगडपासून मराठवाड्यापर्यंतच्या कितीतरी घरांतील चूल आखातातून येणाऱ्या पैशावर पेटते आणि सौदी अरेबियात आज सुमारे २५ लाख भारतीय राहतात. त्यामुळे त्या देशातील सुरक्षितता हा भारताच्या परराष्ट्रधोरणाचाच नव्हे, तर गावोगावच्या घरखर्चाचाही विषय आहे. दहशतवादाचे वर्णन करताना ‘जागतिक शांतता आणि सुरक्षितता’ असे भव्य शब्द वापरले जातात, ते चुकीचे नाहीत; पण त्यांच्या पोटात सुताराचा पगार, ड्रायव्हरचा व्हिसा आणि हजला निघालेल्या म्हाताऱ्या आईचे तिकीट असते, हे दिसल्याशिवाय त्या शब्दांचे वजन कळत नाही.

ज्या वाटांनी हे सारे चालते, त्याच वाटांनी दहशतवादही चालतो, आणि त्याला रोखणे कठीण होते ते मुख्यतः यामुळे. पैशाचे उदाहरण घ्यावे. जकात म्हणजे सुस्थितीतील मुसलमानाने दरवर्षी संपत्तीचा ठरावीक भाग गरजूंसाठी देणे. हे धर्मकर्तव्य आहे आणि त्यातून जगभर दवाखाने व शाळा चालल्या. परंतु दिलेला पैसा नेमका कुठे गेला याची विचारपूस करण्याची प्रथा नसल्याने काही संस्थांमार्फत तो शस्त्रांकडेही वळला. अमेरिकेच्या ९/११ चौकशी आयोगाने २००४ मध्ये नोंदवले की, सौदी सरकारने एक संस्था म्हणून किंवा त्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांनी व्यक्तिशः अल-कायदाला पैसा पुरवल्याचा पुरावा सापडला नाही, मात्र निधी गोळा करण्याचे प्रमुख क्षेत्र सौदी अरेबियाच होते. मे २००३ नंतर सरकारने मशिदींतील दानपेट्या उचलल्या, अल-हरमैन ही मोठी धर्मादाय संस्था मोडीत काढली आणि परदेशी जाणाऱ्या देणग्यांवर नियंत्रण आणले. हवाल्याचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण पावती नसलेला आणि केवळ विश्वासावर चालणारा हा व्यवहार बँकेपेक्षा स्वस्त व जलद असल्याने प्रामाणिक मजूरही त्याचाच आधार घेतो. काळ्या पैशाच्या वाटा रोखणाऱ्या ‘वित्तीय कृती दला’चे पूर्ण सदस्यत्व सौदी अरेबियाला जून २०१९ मध्ये मिळाले आणि ते मिळवणारे ते पहिले अरब राष्ट्र ठरले. १९९५ पासून पाहता हा बदल मोठाच म्हणावा लागेल.

बळाच्या जोडीने सौदी सरकारने ‘मुनासहा’ म्हणजे समुपदेशनाचा मार्गही स्वीकारला. अटकेतील तरुणांशी मौलवी आणि मानसशास्त्रज्ञ बोलत, कुटुंबाला जामीन धरले जाई, सुटकेनंतर नोकरी व लग्नासाठी मदत मिळे. जगभर या प्रयोगाचे कौतुक झाले आणि ते बऱ्याच अंशी रास्त होते, परंतु अपयशही तितक्याच स्पष्टपणे पुढे आले. ग्वांतानामोच्या तुरुंगातून परतून हा अभ्यासक्रम पूर्ण केलेला सईद अल-शिहरी येमेनला पळाला आणि जानेवारी २००९ मध्ये सौदी व येमेनी शाखा एकत्र येऊन बनलेल्या अल-कायदाचा उपप्रमुख झाला. त्याच वर्षी २७ ऑगस्टला, शरण येण्याचा बहाणा करून आलेल्या अब्दुल्ला अल-असिरीने या कार्यक्रमाचे प्रणेते राजपुत्र मोहम्मद बिन नायेफ यांच्या जेद्दा येथील घरी स्वतःला उडवून दिले; राजपुत्र किरकोळ जखमांवर बचावले. ज्या मोकळेपणावर योजना उभी होती, त्याचाच वापर तिच्यावर घाव घालण्यासाठी झाला. तरीही ती बंद पडली नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१० मध्ये, येमेनमधून अमेरिकेकडे निघालेली, छपाईयंत्राच्या शाईच्या नळकांड्यांत स्फोटके दडवलेली दोन पार्सले ब्रिटन व दुबईत अडवली गेली, ती सौदी गुप्तचरांनी वेळेवर पुरवलेल्या माहितीमुळे. चौदा वर्षांपूर्वी कैद्यांशी बोलूही न देणाऱ्या सरकारचेच हे गुप्तचर होते.

भारताशी असलेले संबंधही याच काळात बदलले. राजे अब्दुल्ला २००६ च्या प्रजासत्ताक दिनाला प्रमुख पाहुणे म्हणून आले. फेब्रुवारी २०१० मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या भेटीत ‘रियाध घोषणापत्र’ निघाले आणि गुन्हेगार प्रत्यार्पणाचा करारही झाला. या कागदांची खरी परीक्षा बीड जिल्ह्यातील एका माणसाच्या निमित्ताने झाली. गेवराईचा जबीउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल हा मे २००६ मधील औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात हवा होता. चांदवड–मनमाड रस्त्यावर आणि वेरूळ परिसरात महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने पाठलाग करून सुमारे ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७ रायफली आणि ३,२०० काडतुसे पकडली होती, पण तो निसटून बांगलादेशमार्गे पाकिस्तानात पोहोचला. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. त्या वेळी कराचीतील कक्षातून हल्लेखोरांना फोनवर सूचना देणाऱ्यांमध्ये तोही होता, असा त्याच्यावर आरोप आहे. ध्वनिमुद्रणातील एका आवाजाने सहज उच्चारलेला ‘प्रशासन’ हा पाकिस्तानी उर्दूत न रुळलेला शब्द तपास अधिकाऱ्यांना खटकला होता. पुढे अन्सारी पाकिस्तानी पारपत्रावर सौदी अरेबियात गेला आणि तेथे पकडला गेला.

यानंतर जे घडले, त्यात नाट्य नाही, आणि म्हणूनच ते नीट समजून घ्यायला हवे. तो आपला नागरिक असल्याचा पाकिस्तानचा दावा होता. भारताने त्याच्या बीडमधील नातेवाइकांचे डीएनए नमुने सौदी अधिकाऱ्यांना दिले आणि ते जुळले. प्रत्यार्पणात न्यायालयापुढे पुरावे मांडावे लागतात आणि त्यात वर्षे जातात. हद्दपारीत मात्र खोट्या कागदांवर राहणाऱ्या परदेशी माणसाला सरकार आपल्या अखत्यारीत विमानात बसवू शकते, म्हणून तिथे प्रश्न पुराव्याइतकाच इच्छेचाही असतो. सौदी सरकारने इच्छा दाखवली आणि जून २०१२ मध्ये अन्सारी दिल्लीच्या विमानतळावर उतरला. जुना मित्र असलेल्या पाकिस्तानची नाराजी पत्करून घेतलेला हा निर्णय होता. मुंबईच्या विशेष मोक्का न्यायालयाने शस्त्रसाठा प्रकरणात २०१६ मध्ये त्याला जन्मठेप ठोठावली. रणगाडे आणि लढाऊ विमाने यांच्याहून रक्ताच्या नमुन्याने, पारपत्राच्या पडताळणीने आणि दोन कार्यालयांतील पत्रव्यवहाराने दहशतवादाविरुद्ध अधिक साधते, हे या प्रकरणाइतके क्वचितच स्पष्ट झाले असेल.

मात्र ज्या हाताने अन्सारीला परत पाठवले, त्याच हाताने ‘दहशतवाद’ हा शब्द भलतीकडेही ताणला. मार्च २०१४ मध्ये सौदी गृहखात्याने काढलेल्या नियमांत नास्तिक विचारांचा प्रसारही दहशतवादात गणला गेला. २०१७ च्या कायद्याने राजा व युवराज यांच्यावरील टीकेला त्याच चौकटीत शिक्षा ठरवली. स्त्रियांना वाहन चालवण्याचा हक्क मिळावा म्हणून झगडणाऱ्या लुजैन अल-हथलूल यांना डिसेंबर २०२० मध्ये दहशतवादविषयक न्यायालयाने पाच वर्षे आठ महिन्यांची शिक्षा सुनावली, तेव्हा तो हक्क देशातील स्त्रियांना मिळून दोन वर्षे उलटली होती. हा निव्वळ मानवी हक्कांचा प्रश्न नाही. जो देश टीकाकाराला आणि बॉम्ब ठेवणाऱ्याला एकाच नावाने हाक मारतो, त्याने पाठवलेल्या यादीतील नाव खरोखरच्या मारेकऱ्याचे आहे की नाही, अशी शंका दुसऱ्या देशाला येते, आणि परस्परांच्या शब्दावर चालणाऱ्या या कामात शंका हीच सर्वांत मोठी गळती असते.

दरम्यान धोका रूप बदलत राहिला. अल-कायदाचा जोर ओसरल्यावर ‘इस्लामिक स्टेट’ने शियांना लक्ष्य केले; २२ मे २०१५ रोजी कतीफजवळच्या अल-कुदैह गावी शुक्रवारच्या नमाजेत २१ जण मारले गेले. ४ जुलै २०१६ रोजी मदिनेत पैगंबरांच्या मशिदीजवळ आत्मघाती स्फोट झाला आणि चार सुरक्षारक्षक ठार झाले. ज्या श्रद्धेच्या नावाने मारायचे, तिच्या केंद्रालाही वगळायचे नाही, इथवर तकफीरची मजल गेली. अबकैक येथील तेलप्रक्रिया केंद्रावर फेब्रुवारी २००६ मध्ये स्फोटकांनी भरलेल्या मोटारी घेऊन आलेले हल्लेखोर दारातच रोखले गेले होते. १४ सप्टेंबर २०१९ रोजी त्याच केंद्रावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे आली आणि देशाचे निम्मे तेल उत्पादन, दिवसाला सुमारे ५७ लाख पिंपे, काही काळ थांबले. येमेनच्या हुती बंडखोरांनी जबाबदारी घेतली, सौदी अरेबिया व अमेरिकेने इराणकडे बोट दाखवले, आणि बंडखोर गट कुठे संपतो व राष्ट्राचे सैन्य कुठे सुरू होते, हा १९९६ च्या मसुद्यापुढचा प्रश्न पुन्हा तसाच समोर आला.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये पर्यटकांना धर्म विचारून २६ जणांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा भारताचे पंतप्रधान जेद्दामध्ये होते. मृतांपैकी सहा जण महाराष्ट्राचे होते, डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. दौरा आवरता घेऊन पंतप्रधान त्याच रात्री परत निघाले. दोन्ही देशांच्या संयुक्त निवेदनात हल्ल्याचा निषेध झाला आणि मेमध्ये भारत व पाकिस्तान यांच्यात संघर्ष पेटल्यावर सौदी मंत्री आदेल अल-जुबैर मध्यस्थीच्या हेतूने दिल्लीत येऊन गेले. त्यानंतर चार महिन्यांनी, १७ सप्टेंबर २०२५ रोजी, रियाधमध्ये सौदी अरेबिया आणि पाकिस्तान यांच्यात संरक्षण करार झाला; एकावरचे आक्रमण दोघांवरचे मानले जाईल, असे त्यात म्हटले आहे. आक्रमण कशाला म्हणायचे, आणि सीमेपलीकडून आलेल्या बंदूकधाऱ्यांना उत्तर म्हणून कोणी काही केले तर ते आक्रमण ठरेल काय, या प्रश्नाचे उत्तर ज्या सर्वंकष करारातून मिळायला हवे होते, त्याचा मसुदा अजूनही संयुक्त राष्ट्रसंघाच्या कायदेविषयक समितीपुढे पडून आहे.